हमी की आमी

माझं लग्न एका महामंडळाने लावलं असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं भजनी मंडळाबद्दल बोलते आहे. नाही हो. विधानसभेत कायदा करून जन्माला घातलेलं, स्वतःचा गोल शिक्का असलेलं, पणजीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसणारं सरकारी महामंडळ. पूल-रस्त्यांसाठी कर्ज उभारायचं हे त्याचं काम, आणि तिथली टायपिस्ट मी.

मुलगा मला पसंत होता, त्याला मी पसंत होते, आणि पत्रिकासुद्धा जुळली होती. तो तुयेच्या कारखान्यात कामाला होता. घर पेडण्यातच, पण आमच्या गावाच्या समोर, खाडीच्या फाट्यापलीकडे. आमच्या पायरीवरून त्यांच्या अंगणातली तुळस दिसायची. मधे पाणी. जायचं तर होडीने, आणि घोडं तिथेच अडलं होतं. त्याच्या आईने एका वाक्यात निकाल दिला होता.

"सांकव जांव दी, मागीर लगीन."

सांकव म्हणजे छोटा पूल. तिच्या स्वतःच्या लग्नात वरातीची होडी मधोमध उलटली होती. त्यानंतर तिने कधी होडीत पाय ठेवला नाही. बाजारालासुद्धा ती दोन बशी बदलून लांबून जायची. मग सूनही तशीच लांबून आणा, असं माझ्या बाबांनी सुचवून पाहिलं. "व्हंकल बशीन येतली?" तिने विचारलं, आणि नवरी बसने येणार ही कल्पनाच इतकी वाईट दिसली की बाबा चहा अर्धा टाकून उठले.

मला राग यायचा. एका बाईला एकदा पाणी लागलं म्हणून मी जन्मभर अलीकडे बसायचं? मनात मी तिला म्हातारी म्हणायचे, आणि ती काही तेवढी म्हातारी नव्हती.

गोवा तेव्हा नुकतंच घटक राज्य झालं होतं. केंद्रशासित असताना आम्हाला स्वतःच्या नावावर कर्ज काढता येत नसे. आता येणार होतं, पण संविधानाने त्याला कुंपण घातलेलं होतं. राज्याने कर्ज किती काढायचं आणि दुसऱ्याच्या कर्जाला हमी किती द्यायची, याची मर्यादा विधानसभा ठरवणार. वर दिल्लीचं जुनं देणं शिल्लक असेल तर नव्या कर्जाला दिल्लीची परवानगी. या कुंपणातून वाट काढायला आमचं महामंडळ. कर्ज महामंडळाने स्वतःच्या नावावर काढायचं, म्हणजे ते राज्याचं कर्ज नव्हे. महामंडळाने हात वर केले तर राज्य फेडील असा शब्द सरकारने दिला, तर त्याला म्हणायचं हमी. तो शब्द द्यायला सरकार फारसं राजी नव्हतं.

आमचे साहेब परप्रांतातून आलेले, स्वभावाने देवमाणूस. सकाळी ते सरकारी खात्याचे अधिकारी असत आणि जेवणानंतर महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक. एकाच खोलीत दोन मेजं, दोन कदेलं म्हणजे खुर्च्या. राज्य आणि महामंडळ वेगळं असलं पाहिजे, म्हणून ते खात्याच्या कदेलावर बसून महामंडळाला पत्र लिहीत. शिपाई ते एका दारातून बाहेर नेई, दुसऱ्या दारातून आत आणी, मी आवक शिक्का मारी, आणि साहेब पलीकडच्या कदेलावर बसून वाचत. "आपले पत्र मिळाले," असं उत्तर मला सांगत. एकदा उत्तराला उशीर झाला म्हणून त्यांनी स्वतःला स्मरणपत्र धाडलं, आणि ते वाचताना त्यांचा चेहरा खरोखर पडला.

"महामंडळ म्हणजे राज्य नव्हे," ते मला इंग्रजीतून समजावत. "पण राज्य नव्हे असंही नव्हे."

"मग सांकव कधी सर?" मी विचारी.

"ते कुठल्या कदेलावरून सांगू?"

अखेर आमच्या सांकवाचा नंबर लागला. संबंधित गावांना कळवायची सूचना मीच टाइप केली, आधी कोंकणीत, मग मराठीत. गावच्या पंचाने त्यातली मराठी उचलली. आमच्याकडे बोलायचं कसंही, पण जाहीर वाचायचं ते मराठीत. सूचनेत एक वाक्य होतं: "सदर कर्जास राज्याची हमी राहणार नाही."

आता हमी हा शब्द पंचाने आयुष्यात ऐकला नव्हता. आमची कुळागरं, आमची बागायत, आमचे भाऊबंद. त्यात कोण कुणाला हमी देतो? देवळाच्या मंडपात माइक हातात घेऊन तो त्या शब्दापाशी थांबला. शहरातल्या टायपिस्टचं चुकलं असणार, असं त्याला वाटलं. ती टायपिस्ट म्हणजे आपल्याच गावची मुलगी, तिची चूक चारचौघांत कशाला दाखवा, म्हणून त्याने मोठ्या मनाने ती दुरुस्त केली. हमीचं केलं आमी. मग व्याकरण जुळेना, तेव्हा तेही जुळवलं, आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं:

"म्हणजे, ह्या कर्जाक लागून राज्यात आमी रवचे ना."

मंडपात लोक ताडकन उभे राहिले. मग एकच कल्लोळ. "कालच राज्य जालां, आनि आज आमकां भायर काडले?" एका सांकवासाठी गावाला गोव्यातून हाकललं! दोघं-तिघं उलट खूश झाले, सावंतवाडी जवळच आहे म्हणाले, त्यांना बाकीच्यांनी खाली बसवलं. माझे बाबा मराठीचे निवृत्त मास्तर, पहिल्याच रांगेत. त्यांनी हा घोळ एका मिनिटात निस्तरला असता. पण त्यांना ऐकू कमी यायचं, आणि ऐकू आलं नाही की ते मान डोलावत. मास्तरच मान डोलावतात म्हटल्यावर गावाची खात्री पटली.

मी आठवडाभर पणजीत आत्याकडे राहायचे, त्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्रात कागद घालते आहे, तोच खाली रस्त्यावर आरडाओरडा. खिडकीतून पाहिलं तर अख्खी बस भरून आमचा गाव. बायका, म्हातारे, पोदेरसुद्धा आपली पावाची टोपली घेऊन. जिना चढता चढता घोषणा चालल्या होत्या, आणि जाय म्हणजे पाहिजे:

"राज्यात आमी जाय! राज्यात आमी जाय!"

शेजारच्या काकीने मला दारातच गाठलं. "आमचेंच चेडूं तूं, आनि आमकांच गोंयांतल्यान भायर काडटा?" सूचनेचा कागद तिने माझ्या नाकासमोर नाचवला. मी ते वाक्य पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकीला सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

एवढ्यात साहेब बाहेर आले. सकाळची वेळ, म्हणजे खात्याचे साहेब. त्यांनी कान टवकारले.

"काय म्हणतात? हमी? राज्याची हमी मागतात?"

आता मी काय बोलावं? खरं सांगितलं तर गाव हसत, चरफडत परत जाणार. हमी नाही म्हणजे कर्ज देणारे पाठ फिरवणार, सांकव कागदावर, आणि मी पायरीवर बसून समोरची तुळस बघणार. गावाला मीच फसवलं म्हणा. लग्न माझं होतं.

"होय सर," मी म्हटलं. "हमीच."

साहेबांचे डोळे पाणावले. इतकी वर्षं नोकरीत काढली, पण हमी मागायला चालून आलेली जनता त्यांनी पाहिली नव्हती. तेवढ्यात गर्दीतला एक आजोबा काठी आपटून, दिल्लीपर्यंत जायची धमकी देत गरजला, "गरज पडली जाल्यार आमी दिल्ली मेरेन वतले!" साहेबांनी माझा हात दाबला. "दिल्लीची परवानगीसुद्धा माहीत आहे यांना!" मग गावाकडे वळून, हात जोडून, तोडक्यामोडक्या मराठीत त्यांनी जाहीर केलं, "राज्यात हमी होणार! माझा शब्द!"

गावाने ऐकलं ते असं, की राज्यात आमी राहणार. टाळ्या पडल्या. पोदेराने सगळ्यांना पाव वाटले, साहेबांनी चहा मागवला, आणि संविधानावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

साहेबांनी त्या दिवशी या कदेलावरून त्या कदेलावर इतकी पत्रं पाठवली की शिपायाला दम लागला. हमी मिळाली. पण विधानसभेने घातलेली मर्यादा जवळजवळ भरत आली होती, म्हणून मिळाली ती अर्धवट. जेवढी हमी तेवढं कर्ज, आणि जेवढं कर्ज तेवढा सांकव. आमच्या काठावरून ऐटीत निघालेलं ते बांधकाम समोरचा काठ एका ट्रकाच्या लांबीवर राहिला असताना थांबलं. उरलेलं पुढच्या टप्प्यात, असं पत्र मीच टाइप केलं.

मुलाच्या गावाने त्या फटीवर माडाच्या खोडांचे दोन सोट टाकले. म्हातारी पाहायला आली, छत्रीने सोट ठोकून गेली, आणि आश्चर्य म्हणजे हो म्हणाली.

लग्नाच्या दिवशी ती सोटांवरून चक्क रांगत आली असं मला नंतर कळलं. मी तेव्हा आत मुंडावळ्या सांभाळत होते. परतीला वरात वाजतगाजत सांकवाच्या टोकाशी आली, तोवर भरती चढली होती. सोट ओले झाले होते, डुगडुगत होते. शालू, फुलं, नवी जोडवी. पलीकडच्या काठावर सगळा वाडा नवरी बघायला उभा. मी एक पाऊल सोटावर टाकलं, मागे घेतलं, आणि काठावर दोघा-तिघांनी हसायची तयारीही केलेली मला दिसली.

सासूने हातातली छत्री नवऱ्या मुलाकडे दिली, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. कमरेपर्यंत. खालून तिने सोट खांद्याने टेकवला आणि माझ्याकडे हात वर केला.

"ये. हांव तशीच भिजल्लें, थरथरत ह्याच काठार उबी रावल्लें. सगळो वाडो हांसलो माका. आजून हांसता." मग हळूच म्हणाली, "तुका नाका तें."

मी तिचा हात धरला आणि चालत गेले. मधेच तिचा पाय चिखलात रुतला, ती गळ्यापर्यंत आत गेली, वर आली तेव्हा गळ्यात शेवाळ होतं, पण खांदा तिने पुन्हा सोटालाच लावला. काठावरचा वाडा पोट धरधरून तिला हसला. माझ्या शालूला पाण्याचा थेंबही लागला नव्हता.