तोनाचा पांढरा झगा

केरा शिंपिणीकडे कपडा टाकायला जायचं तर बोलणी खायची तयारी ठेवूनच जावं लागतं. "सरळ उभी राहा. पोट आत ओढू नकोस, समुद्रावर काय दिवसभर श्वास रोखून हिंडणार आहेस?" असं म्हणत ती छातीभोवती टेप आवळते, आणि ओठांत टाचण्या धरूनच पुढचं बोलून घेते. तरी उन्हाळा लागला की गावातल्या बायका तिच्याच दारात. नवऱ्यांचे कॉलर झिजलेले शर्ट, विटलेले पडदे, चादरी घेऊन येतात आणि बिनबाह्यांचे टॉप घेऊन जातात. शर्टाची पाठ ती पुढे आणते, बटणं मागे नेते, आणि कापलेल्या बाह्यांतून तिरक्या पट्ट्या काढून गळ्याला नि मुंढ्यांना लावते.

हा राग तिला कारखान्याने लावला, असं माझं मत आहे. तरुणपणापासून ती तिथे परदेशी बायकांचे उन्हाळी टॉप शिवत होती. म्हणजे टॉप कसले, फक्त डावा मुंढा. उजवा दुसऱ्या टेबलावर. मग एका सोमवारी फाटकाला कुलूप, मालक पसार, आणि सगळ्या बायका डबे हातात घेऊन रस्त्यावर. नवरा ग्रीसला संत्री तोडायला गेला तो तिकडचाच झाला. केरा रडली नाही. आईचं पायमशीन तिने स्वयंपाकघरात खिडकीपाशी ओढलं, आणि तेव्हापासून दोन्ही मुंढे तीच शिवते आणि कुणाचं ऐकून घेत नाही. मी समोर राहते, तिला बटणं लावून देते, म्हणून माझ्या वाट्याला बोलणी जरा कमी येतात.

तिचा एक नियम आहे. कात्री लावण्याआधी विचारणार, "कुणाचं आहे?" मेलेल्या माणसाच्या कपड्याला चाळीस दिवसांच्या आत कात्री लावायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

जुलैत रालित्सा आली. ही तोना म्हातारीची सून. प्लोवदिव शहरात राहते, सुट्टीत नवऱ्याबरोबर गावी येते. हातात जाड हातमागाचा लांब पांढरा झगा, आणि मापासाठी एक जुना काळा ब्लाउज.

"याचा टॉप करून द्या ना, मावशी. बिनबाह्यांचा, गळा मोठा. शनिवारी समुद्रावर निघतोय आम्ही."

"कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. पेटीत पडून होतं."

"आणि हे माप? या ब्लाउजात तुझ्यासारख्या दोघी बसतील."

"आहेत एक बाई, आमच्याबरोबर येणाऱ्या."

केराला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाह्या कापल्या. कापड जुनं पण खणखणीत होतं, म्हणून कडेच्या शिवणी कात्रीने न कापता ती उसवायला बसली. सुईच्या टोकाने एक टाका उचलला, धागा ओढला, आणि तो काखेपासून खालच्या दुमडीपर्यंत कुठेही न अडकता सरसर निघून आला. तिने धाग्याचं टोक बघितलं. गाठ नव्हती. दुसऱ्या बाजूचा ओढला. तिथेही नव्हती.

माझ्या हातातलं बटण खाली पडलं. अशी शिवण आमच्याकडे एकाच कपड्याला असते. बाई मेल्यावर घालायचा आपला शेवटचा कपडा स्वतःच्या हाताने शिवून पेटीत ठेवते, आणि त्याच्या धाग्याला गाठ मारत नाही. गाठ राहिली तर जीव इथेच अडकून पडतो.

"तोनाचा आहे हा," केरा म्हणाली. मग खुर्ची मागे लोटून उभी राहिली. "जित्या बाईचं मरण कापायला लावलं मला! माझ्या हातांनी!"

ती झगा नि ओढलेला धागा तसाच हातात घेऊन रस्त्याने निघाली आणि मी मागे. मीसुद्धा कमी पेटले नव्हते. सासू धडधाकट बसलेली असताना तिची पेटी उपसायची आणि वर कुणाचं नाही म्हणून सांगायचं! तोनाच्या फाटकावर तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या फोटोचा, पुण्यतिथीचा कागद असतो, दर वर्षी ती नवा चिकटवते. केराने त्याच फाटकाला लाथ घातली.

अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली तोनाचा मुलगा प्लामेन टोमॅटो चिरत होता. रालित्सा कॉफी पीत होती.

"ऊठ गं, शहाणे!" केरा गरजली. "सासू आत श्वास घेतेय आणि तू तिच्या मढ्यावरचं कापड लोकांच्या अंगावर चढवणार?"

"मढ्यावरचं?" रालित्साचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"मला वाटलं साधा झगा आहे," प्लामेन टोमॅटोकडे बघत पुटपुटला.

"तू याच घरात जन्मलास ना रे?" मला राहवलं नाही. "की टोमॅटोच्या झुडपाला आलास?"

"आईंनीच दिला," रालित्सा रडवेली झाली. "त्याच म्हणाल्या, केराने विचारलं तर कुणाचं नाही म्हणून सांग."

"आता खोटंही बोल!"

"पोरीवर ओरडू नकोस." दारात तोना उभी होती. त्या उन्हात डोक्याच्या रुमालापासून मोज्यांपर्यंत काळ्या कपड्यांत, हातात काठी. "मीच दिला. आणि माप माझं आहे."

प्लामेनने सुरी खाली ठेवली.

"आई, तू? बिनबाह्यांचं? लोक काय म्हणतील? काळ्यातच चल ना. गाडीत एसी आहे."

तोनाने काठी फरशीवर आपटली. "लोक! तुझा बाप गेला तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते. चाळिसावा दिवस झाला आणि माझ्या सासूने हे कापड पुढ्यात टाकलं. बस, शिव, म्हणाली, आता तुझं हेच राहिलंय. मी माझं मरण शिवलं तेव्हा माझा एक केस पांढरा नव्हता! तेव्हापासून काळं अंगावर आणि पांढरं पेटीत. दर उन्हाळ्यात आतल्या खोलीत दार लावून त्याला वारा देते, घडी मोडते, अक्रोडाची पानं घालते, परत ठेवते. माझ्यापेक्षा जास्त हवा त्या झग्याने खाल्ली. ही पोरगी मला समुद्र दाखवते म्हणाली. तुझ्या तोंडून कधी निघालं नाही ते. त्या समुद्राचं नावच काळा समुद्र, तेवढं काळं पुरे झालं मला!"

खरं सांगते, मला पहिल्यांदा तोनाचाच राग आला. मीही नवरा गेल्यापासून काळं घालते. घामाने पाठ सोलवटते, तरी घालते. हिला कुणी सूट दिली? पण तिचे ते मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्यांतले हात बघितले आणि माझ्या रागाला तिच्यावर बसायला जागा सापडेना. तो मग माझ्याच बाह्यांवर येऊन बसला.

"मला का फसवलंस?" केराने विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर कात्री लावली असतीस?"

"नसती लावली."

"म्हणून."

"आणि उद्या मेलीस तर? काय घालू तुला?"

"उद्या नाही," तोना म्हणाली. "शनिवारी समुद्र आहे."

केराने झगा उलटासुलटा केला, बोटाने शिवण चाचपली आणि मान हलवली. "नाही. या शिवणीत मी जितं माणूस घालणार नाही."

तोना दाराच्या चौकटीला टेकली, आणि एवढी ताठ म्हातारी एकदम वाकलेली दिसली.

"बघ आई," प्लामेन खुशीत आला. "मावशीसुद्धा तेच म्हणताहेत."

"तुझ्या बाजूने बोलले का रे मी, गाढवा?" केरा वळली. "शिवण म्हटलं मी, शिवण! ते टोमॅटो उचल इथनं."

तिने टेबल मोकळं केलं, छातीवर खोचलेली सुई काढली, तिच्यात तोच उसवलेला धागा ओवला. टोकाला गाठ मारली. त्या गाठीवर दुसरी. मग तिसरी, एवढी जाड की मला लांबून दिसली. "तू बघत काय बसलीस?" ती माझ्यावर खेकसली. "बाकीचं सगळं उसव. जुना टाका एकही ठेवू नकोस." माझं उसवून झाल्यावर तिने तोनाचा हात धरून वर केला आणि तिथेच अंगावर माप घेत कडेची शिवण घालायला लागली. दर वितीला थांबायची, गाठ मारायची, आणि स्वतःशीच बोलायची, "जा म्हणावं आता. बघते कशी जातेस."

शनिवारी तोना गाडीत पुढे बसली. मोठ्या गळ्याचा पांढरा टॉप, मुंढ्यांना तिच्याच जुन्या बाह्यांच्या पट्ट्या, आणि बाहेर काढलेले ते दोन हात, उन्हाची सवयच नसलेले. समोरच्या दोन फाटकांत बायका तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या आत गेल्या.

तोनाने काच खाली केली. "केरा, काखेत गाठी टोचतात गं."

"टोचू देत!" केरा रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली. "टोचताहेत ना? म्हणजे आहेस अजून!"