चूक कामगाराचीच

काल संध्याकाळी इथे आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी अमेरिकेचा इतिहास वाचत होती. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या कारखान्यात कामगाराचा हात गेला, की मालक कोर्टात सांगायचे, चूक त्याचीच. भरपाईचे कायदे लोकांना लढून मिळवावे लागले. "दे ऑलवेज ब्लेम्ड द वर्कर, बाबा," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी डेटॉलचा तो वास माझ्या नाकात शिरला.

शारजातलं हॉस्पिटल. मी काम करायचो त्या हमरियातल्या कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवणारा दापोलीचा याकूब उजव्या हाताला बँडेज बांधून पडला होता. त्याची बोटं गेली होती. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला कव्हर होतं, पण त्याने काम स्लो होतं म्हणून मॅनेजरनीच ते काढायला लावलं होतं. तेच आता त्याच्या पायाशी उभे राहून म्हणाले, "याकूबभाई, लक्ष द्यायला हवं होतं."

तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. मी तो त्याच्या कानाशी धरला. तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "तुमचीच चूक झाली का हो?"

याकूबने मॅनेजरकडे पाहिलं. नोकरी त्यांच्या हातात होती. "हो," तो म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं."

"खोटं आहे, भाभी," मी फोनमध्ये ओरडलो. "कव्हर मॅनेजरनी काढायला लावलं."

मॅनेजर निघून गेले. महिन्याभरात याकूबला गावी पाठवलं.

तेव्हा वाटायचं, एक माणूस नालायक निघाला. काल कळलं, हा खोटेपणा जगाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे, मुलांच्या पुस्तकात छापलेला आहे. आता माझा राग त्या एका माणसापुरता राहिलेला नाही.