मार्थाबाईंच्या शेजारची जागा

एलिया शेंडे मास्तर गेल्याची बातमी रूथने आणली. रूथ ही मास्तरांच्या धाकट्या भावाची मुलगी. सकाळच्या पहिल्या बसने ती कामठीहून नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आली, पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "काका, मोठेबाबा पहाटे गेले... आणि मंडळीवाले मोठ्या आईच्या बाजूची जागा देऊन नाही राहिले." पहिल्या वाक्याने मला रडू यायला हवे होते. मला दुसऱ्या वाक्याचा संताप आला. न्यायालयात आयुष्यभर शिरस्तेदारी केलेल्या माणसाला संतापाची एकच वाट ठाऊक असते. मी टाइपरायटरवरचे फडके काढले आणि ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना उद्देशून अर्ज लिहू लागलो. पत्नीची कबर, त्याच दगडावर मृताचे आधीच कोरलेले नाव, शेजारी मुद्दाम राखून ठेवलेली जागा... मुद्दे भराभर सुचत गेले. 'अन्यथा योग्य त्या न्यायालयात दाद मागण्यात येईल' हे शेवटचे वाक्य उमटले तेव्हा मला समाधान वाटले, हे आज नऊ आठवड्यांनंतर कबूल करणे भाग आहे. समोरच्या खुर्चीत रूथ रडत होती आणि मी तिला पाणीसुद्धा विचारले नव्हते.

मास्तर कामठीच्या एका शाळेत मराठी शिकवीत. त्यांचा जन्म ख्रिस्ती घरातला, पण ते देव मानीत नसत आणि ही गोष्ट कोणापासून लपवीतही नसत. साठच्या दशकाच्या अखेरीस सीताबर्डीवरच्या एका दुकानात 'रविवारचा नास्तिक' हे त्यांचे पातळसे पुस्तक माझ्या हाती आले आणि मी ते घरी पोहोचेपर्यंत वाचून संपवले. त्यांचे पहिले मूल बाप्तिस्म्यापूर्वीच गेले होते. बाप्तिस्म्याविना त्या बाळाला स्वर्ग मिळेल का, असे मार्थाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारले तेव्हा घरी आलेल्या वडीलधाऱ्यांनी खाली पाहिले. पुस्तक तेथून सुरू होते. त्यात शिवी नाही, चेष्टा नाही. साऱ्या जगाच्या पापासाठी निर्दोष पुत्राचे रक्त सांडावे लागले, या मूळ श्रद्धेविषयी ते एवढेच लिहितात, 'मी वर्गाला माफ करतो तेव्हा आधी वर्गातल्या सर्वांत गुणी मुलाला छडी मारीत नाही.' हे वाक्य वाचून मी रस्त्यात थांबलो होतो. एवढे शांत आणि एवढे निरुत्तर करणारे गद्य मी आमच्या न्यायाधीशांच्या निकालपत्रांतही वाचले नव्हते.

मी त्यांना पत्र लिहिले, त्यांचे उत्तर आले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे महिन्यातून एकदा तरी मी कामठीला जात राहिलो. मला वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिण्याची खोड आहे. मसुदा मी आधी मास्तरांना दाखवीत असे. ते काही खोडत नसत. जो शब्द रागाच्या भरात आला असेल त्याभोवती पेन्सिलीने एक बारीक वर्तुळ काढीत आणि कागद परत देत. बहुतेक वेळा मी तो शब्द तसाच ठेवीत असे.

मास्तरांचे पुस्तक मी कसे वापरले, तेही सांगितले पाहिजे. त्यातील वाक्ये मी माझ्या पत्रांतून ख्रिस्ती लोकांवर फेकली. एकदा मास्तर म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, तुम्ही माझं पुस्तक वाचून राहिले, का गोटे म्हणून जमवून राहिले?" मी म्हणालो, सत्य ते सत्य. त्यावर ते हसले. "मी माझ्या घरचा केर काढतो. तुम्ही काहून माझ्याच घरी झाडू घेऊन येता? तुमच्या घरी केर नाही का?" मार्थाबाई आतून चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. त्यांच्या घरी देवघर आहे, तिथं झाडू लावला तर बाई जेवायले नाही देणार त्यांले." तिघेही हसलो. मी घरी आलो आणि सवयीप्रमाणे संध्याकाळचा दिवा लावला.

मार्थाबाई श्रद्धाळू होत्या. दर रविवारी मास्तर त्यांना उपासनेला पोहोचवीत आणि स्वतः बाहेर चिंचेखाली पुस्तक वाचीत बसत. गीते सुरू झाली की त्यांचे पान उलटायचे थांबे, हे मी स्वतः पाहिले आहे. मार्थाबाई गेल्यावर त्यांना चर्चच्या आवारातल्या मंडळीच्या दफनभूमीत, बाळाच्या लहानशा कबरीलगत पुरले. दगडावर मास्तरांनी दोघांची नावे कोरून घेतली. स्वतःच्या नावाखाली जन्माचे वर्ष घातले आणि पुढे जागा कोरी ठेवली. रविवारी त्यांचे जाणे सुरूच राहिले. आता ते चिंचेऐवजी त्या दगडाजवळ बसत.

त्यानंतरच्याच वर्षी वृत्तपत्रातल्या एका वादात एका पत्रलेखकाने मला विचारले, 'आपले नास्तिक लेखक आजही मंडळीच्या नोंदवहीत सभासद कसे?' हरणे मला कधीच जमले नाही. मी कामठीला गेलो आणि मास्तरांपुढे राजीनाम्याचा मसुदा ठेवला. ते म्हणाले, "त्या वहीत माझं नाव मार्थाच्या नावाखाली आहे. असू द्या ना. कोणाचं काय बिघडून राहिलं?" मी म्हणालो, "मास्तर, पुस्तकात एक आणि वहीत दुसरे, याला आमच्याकडे खोटी साक्ष म्हणतात." आयुष्यभर खरे बोलण्याची किंमत मोजलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

चार दिवसांनी त्यांनी मसुदा परत दिला. 'सभासदत्वामुळे मिळणारे सर्व हक्क मी स्वखुशीने व कायमचे सोडीत आहे' या वाक्यातल्या 'सर्व' या शब्दाभोवती पेन्सिलीचे वर्तुळ होते.

"हा 'सर्व' पाहिजेच का?" त्यांनी विचारले.

"पाहिजेच. 'सर्व' नसेल तर कागदाला अर्थच उरत नाही."

"बरं. कायदा तुम्ही जाणता." आणि मी सोबत आणलेल्या पक्क्या प्रतीवर त्यांनी सही केली. त्यांनी का विचारले, हे मी विचारले नाही. मला त्या आठवड्याच्या अंकाची घाई होती. राजीनामा पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने गेला, माझे पत्र ठळक अक्षरांत छापून आले आणि तो वाद मी जिंकला.

मास्तर गेले त्या सकाळी रूथला घेऊन मी अर्जासह मंडळीच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, गेलो. तरुण, मवाळ माणूस. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. "साहेब, माझ्या एकट्याच्या हातात असतं ना, तर मीच खड्डा खोदला असता. दर रविवारी पाहत होतो मी त्यांले. पण पंच म्हणतात, दफनभूमीत जागा फक्त सभासदाले, अन् तो हक्क त्यांनी सोताच सोडला." असे म्हणून त्यांनी कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझ्याच यंत्रावरची अक्षरे, माझीच वाक्यरचना... आणि 'सर्व'. मी कागदात पळवाट शोधू लागलो. ती मिळाली नाही, कारण एकही राहू नये एवढ्या काळजीने मी तो लिहिला होता. रूथने विचारले, "काका, काय लिहिलं आहे त्यात?" मी तिला सांगितले नाही. त्या दिवशी दुपारी मास्तरांना पारशिवनीजवळच्या त्यांच्या गावी नेले आणि भावाच्या शेतात बांधालगत पुरले.

'मेल्यावर मातीले काय कळते?' असे मास्तर नेहमी म्हणत. स्वतःच्या बचावासाठी हे वाक्य मी अनेकदा पुढे करून पाहिले. पण ज्याला मातीचे काही वाटत नाही, तो दगडावर आपले नाव आधी कोरून घेत नाही. देव नाही हे त्यांना ठाऊक होते. मार्थाबाई तेथे आहेत, हेही त्यांना ठाऊक होते. या दोन गोष्टींत त्यांना विसंगती दिसली नाही. ती मला दिसली, आणि मी ती दुरुस्त करायला गेलो.

रूथला हे सारे अजून माहीत नाही. ती ही पुरवणी वाचते. तिला तोंडावर सांगण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते, म्हणून पुन्हा एकदा वृत्तपत्राचा आधार घेतो आहे... या लेखावर कोणी पेन्सिल फिरवलेली नाही.

आता रविवारी मी कामठीला जातो आणि उपासना संपेपर्यंत त्या दगडाजवळ बसतो. मास्तरांच्या जन्मवर्षापुढची जागा कोरीच आहे. ती भरून घेण्याचा अधिकार कोणाला, हे मी कायद्यात शोधलेले नाही. घरी टाइपरायटरशेजारी तो जुना मसुदा ठेवला आहे. पेन्सिलीचे वर्तुळ अजून स्पष्ट दिसते. एका शब्दाभोवतीचे ते एवढेसे वर्तुळ, आणि मास्तर त्यात साडेतीन हात जागा मागत होते.