तिसऱ्या कुलपाची चावी

बिभीषणभाऊंच्या सायकलला तीन कुलपं. एक मागच्या चाकाचं, सायकलीबरोबर आलेलं. दुसरं साखळीचं, पुढचं चाक खांबाला बांधायला. तिसरं सीटखाली, कारण कोणाचीतरी सीट चोरीला गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं. त्यांची स्वतःची कधी गेली नव्हती. "गेल्यावर लावू का मंग?" असं ते माझ्यावरच डाफरायचे, जणू ती सीट न्यायला मीच टपून बसलोय.

माझं पंक्चरचं दुकान प्रेमदान चौकाच्या अलीकडे, मनमाड रस्त्याला. भाऊ राहतात केडगावला आणि नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर आहेत. सव्वीस वर्षं हा माणूस रोज सायकलवर अख्खं नगर पार करतो. शहराचं नाव बदललं, उड्डाणपूल झाला, सायकल मात्र तीच. आठला वीस कमी असताना माझ्यापाशी थांबायचं, दोन्ही टायर अंगठ्याने दाबायचे आणि म्हणायचं, "कुनीतरी हवा सोडली बघ, भागवता." हवा कोणीच सोडलेली नसे. ट्यूब जुनी झाली होती. पण तसं म्हटलं की त्यांना वाटायचं, याला ट्यूब विकायची आहे.

मला या माणसाचा राग यायचा आणि त्याच्यावर जीवही होता. गाव पाथर्डीकडचं. आईबाप ऊसतोडीला जायचे, लहानपण उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत गेलं. "कोपीला दार नसतं," एवढंच ते एकदा बोलले होते. पुढे मी विचारलं नाही.

गेल्या माघात त्यांच्या पंकजाला स्थळ आलं. पंकजा सावेडीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे, सत्तावीस वर्षांची. आधीची दोन स्थळं भाऊंनीच शंका काढून घालवली होती. एकाचं घर फारच मोठं वाटलं, दुसऱ्याचा बाप फारच गोड बोलत होता. हे तिसरं श्रीगोंद्याचं. मुलगा शाळेत शिक्षक. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा. आता मुलाकडच्यांनी करायची चौकशी तेवढी राहिली होती. भाऊंच्या बायकोने, सत्यशीलावहिनींनी, सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, कोणी विचारायला आलं तर नीट बोला म्हणून. भाऊ पहिल्यांदाच खुशीत होते. मला म्हणाले, "हे मोडलं तर पोरगी पुन्हा मानूस बघायची न्हाई, भागवता. तसं बोललीया ती."

त्याच आठवड्यात कंपनीत कुजबुज सुरू झाली की पंचावन्नच्या पुढच्या लोकांना घरी बसवणार. भाऊ छपन्नचे. एका सकाळी ते घामाघूम होऊन आले. नागापूरच्या पुलाजवळ चांगुणाबाईंची चहाची टपरी आहे, तिथे आदल्या संध्याकाळी एक टोपीवाला माणूस मोटरसायकल लावून त्यांच्याबद्दल विचारत होता म्हणे. कामावर किती वाजता येतात, वागायला कसे, काही व्यसन आहे का.

"कंपनीनं मानूस लावलाय माज्या मागं," भाऊ म्हणाले. "खोट काढून घरी बसवायचं हाय मला. हे बग, तुज्याकडं आला तर सांगायचं, असा कुनी मानूस मला म्हाईत न्हाई. चांगुणानं घाबरून वळखत न्हाई म्हनून सांगितलं, तेच म्हन म्हनलोय तिला, गेटवरच्या वॉचमनला बी सांगितलंय."

"पण भाऊ, कोण आहे ते तरी बघा."

"तू त्याच्या बाजूनं हायस का?"

संपलं.

दोन दिवसांनी तो माणूस आला. पन्नाशीचा, पांढरे कपडे, बोलायला मऊ. आधी टायरमध्ये हवा भरून घेतली. मग म्हणाला, "इकडून ते केडगावचे बिभीषण करपे जात्यात ना सायकलवर? मानूस कसा हाय ओ? घरात बायकापोरांशी कसा वागतो, काही कानावर हाय का?"

इथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. कंपनीला त्यांच्या बायकापोरांचं काय पडलंय? पण शब्द दिला होता, आणि खरं सांगतो, भाऊंच्या डोळ्यांनी बघायची मला तोवर थोडी सवयही लागली होती. हा माणूस मला फारच मऊ वाटला. नुसतं 'माहीत नाही' म्हटल्याने तो हटणार नाही, असं वाटून मी वरून मीठमसालाही लावला. "होता एक सायकलवाला. पण त्याचं काम सुटून वर्ष झालं. आता दिसत न्हाई."

"वर्ष झालं?" त्याने पुन्हा विचारलं.

"व्हय."

तो गेला. मी भाऊंना मोठ्या फुशारकीने सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सव्वीस वर्षांतली पहिली.

चार दिवसांनी श्रीगोंद्याहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पंकजा ड्युटी संपवून दुकानावर आली. मोबाईल माझ्यासमोर धरला. मुलाकडच्या कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो होता, त्यात तोच टोपीवाला.

"काका, हे मुलाचे मामा. आप्पासाहेब. तुमच्याकडे आले होते का?"

मी हातातला पाना खाली ठेवला आणि मान हलवली.

मुलानेच तिला फोनवर सांगितलं होतं. मामा म्हणाले, गल्ली पढवलेली असते, माणूस बघायचा तर तो रोज जातो त्या रस्त्यावर विचारावं. तीन ठिकाणी विचारलं. चहावाली ओळखत नाही, वॉचमन ओळखत नाही, आणि पंक्चरवाला म्हणतो, काम सुटून वर्ष झालं. नोकरी गेलेली लपवून पोरगी देणाऱ्या घरात संबंध नको.

"मी आत्ता जातो श्रीगोंद्याला," मी म्हणालो. "पाया पडतो त्यांच्या."

"मी पगाराची स्लिपसुद्धा पाठवली, काका. मामा म्हणतात, कागद काय, करून मिळतात. तुम्ही गेलात तर म्हणतील, पढवून पाठवलाय." ती रडत नव्हती, त्यामुळे मला जास्त लागलं. "फक्त दादांना, तुमच्या भाऊंना, सांगू नका. आज ते बाहेरच्यांवर संशय घेतात. हे कळलं तर स्वतःवर घेतील आणि मग झोपायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी आठला वीस कमी असताना भाऊ आले. टायर दाबले नाहीत. पायरीवर बसले.

"पत्रिका न् बित्रिका काय न्हाई," ते म्हणाले. "कुनीतरी कान भरले त्यांचे. माज्या पोरीचं वाटोळं केलं. कोन असंल, भागवता?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही, आणि मी. पण पंकजाचा चेहरा आठवला.

"काय म्हाईत, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि नखाने रेटून रेटून त्यातली एक चावी सोडवली. सीटखालच्या कुलपाची दुसरी चावी.

"माजी हरवली तर असावी एक दुसरीकडं. घरी ठेवली न्हाई कदी," ते म्हणाले. "पर तू सांगितलेलं पाळलंस. या रस्त्यावर तू एकटाच भरवशाचा हायस."

मी हात पुढे केला आणि चावी घेतली.