वरचा थर

काल लेकीचा मोडलेला हात प्लास्टरमध्ये घालताना तो ओल्या चुन्यासारखा वास आला आणि घाटकोपरच्या चाळीतला एक पावसाळा आठवला, जो मी खाटेवर उताणा पडून काढला होता. मी आठ वर्षांचा, आमच्या गोविंदात सगळ्यात वर चढणारा. गुडघा दुखतो म्हणून आई गुडघ्यालाच तेल चोळत राहिली आणि दुखणं निघालं खुब्यात. तिथल्या हाडाच्या गोळ्याला रक्तच पोचत नव्हतं, तो चेपत चालला होता. दोन्ही पाय फाकवून प्लास्टर घातलं, मध्ये आडवी काठी. मी रडत होतो ते हंडीसाठी. संपात गिरणी सुटलेले बाबा दरवर्षी खालच्या थराला असायचे. माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाले, ‘‘रडतंस कित्याक? तुझ्याशिवाय वर कोण चढूचो नाय.’’ हंडीच्या दिवशी आईने खाट खिडकीशी ओढली. थर लागले आणि सगळ्यात वर माझा लाल बनियन दिसला, अंगात घालून धाकटा भाऊ चढत होता. खालून बाबाच ओरडत होते, ‘‘चढ रे, भियां नको!’’ नंतर ओल्या अंगाने येऊन त्यांनी काल्याचा घास माझ्या तोंडाशी धरला. मी दात आवळून घेतले. खुबा पुढे भरून आला, आज मी लंगडतही नाही. काल लेक विचारत होती, ‘‘बाबा, गॅदरिंगच्या आधी प्लास्टर निघेल ना? मी नाचणार ना?’’ तोंडावर आलेलं ‘हो’ मी गिळलं, ‘नाही’ म्हणालो आणि तिला रडू दिलं.