देवीचा पहिला घाणा

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा देवीवरचा विश्वास उडाला नव्हता, मी तिच्यावर रुसलो होतो. सालेकशाजवळच्या आमच्या गावात माझी मुरमुऱ्यांची भट्टी आहे. दर मंगळवारी पहिला घाणा गावाबाहेरच्या देवीच्या देवळात पाठवायचा आणि मगच विक्रीचा माल काढायचा, हा वडिलांपासूनचा नेम. मंदी आली, गोंदियाच्या व्यापाऱ्यांनी माल उचलणं कमी केलं. भाजणाऱ्या दोघी बायांना मी घरी बसवलं आणि त्याच रागात देवीचा घाणाही बंद केला. "सगळ्यायची कपात झाली, तिची कायले नाही?" असं बायकोला सुनावलं. त्या दिवशी तिने माझं ताट पुढ्यात आपटूनच ठेवलं.

आता भाजायला मी एकटा. आयुष्य माल पोचवण्यात गेलेलं, झारा कधी हातात धरला नव्हता. वाटलं, त्यात काय मोठंसं! जळण वाचावं म्हणून तांदळाला मीठपाणी लावलं की लगेच तापल्या वाळूत टाकायचो. मुरमुरे निघायचे कडक, अर्धेमुर्धे फुललेले. उरलेसुरले दुकानदारही पोती परत पाठवू लागले. एका मंगळवारी सकाळी त्या पोत्यांच्या ढिगाकडे पाहून मी ठरवलं, आज भट्टी विझवायची ती पुन्हा पेटवायची नाही. वडिलांची भट्टी माझ्या हातून बंद होणार, या विचाराने रडूच कोसळलं. देवळाच्या दिशेला तोंड करून मी चिडूनच म्हणालो, "माये, माह्याच्यानं नाही होत. तुह्यं तूच पाह्य."

डोळे पुसतो न पुसतो तोच दारात एक अनोळखी बाई उभी. चाळिशीची, पायांवर धूळ.

"भाऊ, भट्टीवर मानूस पायजे का?"

"मंदी हाये बाई. होत्या त्यायलेच घरी बसवलं मी."

ती गेली नाही. टोपल्यातला तांदळाचा दाणा तिने दाताखाली धरला. "हा मुरलाच नाही जी. घाई काऊन करून राहिले?"

माझं उत्तर यायच्या आत तिने पदर खोचला. मीठपाणी लावलेला तांदूळ मंद आचेवर हलवला आणि पोत्याखाली झाकून ठेवला. आधी ती अशाच एका भट्टीवर कामाला होती, नंतर राईस मिलमध्ये. मिलची पाळी बंद झाल्यापासून बसून होती. दुपारी तिने वाळूत ओंजळभर तांदूळ टाकला आणि क्षणात तो पांढराशुभ्र फुलून वर आला. मी बघतच राहिलो. ऐन मंदीत नवीन माणूस ठेवणं म्हणजे वेडेपणा, हे कळत असूनही तोंडातून निघून गेलं, "उद्यापासून येजा."

मंदी काही रातोरात सरली नाही. पण माल हलका, कुरकुरीत निघू लागला तशी दुकानं एकेक करून परत आली. घरी बसवलेल्या दोघींना मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. ज्या दिवशी तिघी भट्टीवर बसल्या तो मंगळवार होता. मी पहिला घाणा टोपलीत भरला आणि ओशाळून त्या नव्या बाईला म्हणालो, "बाई, एवढा देवीले नेऊन देजो."

टोपली हातात घेऊन ती हसली. "मंगळवारी बाजूच्या गावावरून देऊळ झाडाले येत होती मी. मिलची पाळी बंद झाली, तवा तेथं परसादाले भेटत त्या ह्याच मुरमुऱ्यावर दिवस काढत होती. मंग ते येनंच बंद झालं. पुजारीबुवाले पुसलं, त त्यायनं तुमच्या भट्टीचं नाव सांगतलं. म्हटलं, देवीचा घाना चुकला, म्हंजे तेथं भाजाले मानूस नसन. म्हनून आली."

मी रुसून देवीचा घाणा बंद केला, आणि देवीने त्याच रिकाम्या टोपलीच्या मागावर माझ्या दारी माणूस धाडलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी देवीला देतो. ती ते कोणाच्या ओंजळीत घालत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता टोपली मी स्वतः नेतो. देवीपुढे ठेवतो, हात जोडतो, आणि परत फिरण्याआधी देवळाच्या ओट्यावर प्रसादासाठी कोण कोण बसलंय ते नीट बघून घेतो.