अंगावरचा टाका

दोरा ओवलेली सुई कायम कॉलरच्या डाव्या कडेला टोचलेली. संत्र्याची साल एका सलग तुकड्यात सोलायची. फोटोची वेळ आली की चहा आणायला उठायची. दारावर नावाची पाटी नाही. खानावळीत भिंतीला पाठ लावून बसायची. दुकानात पैसे काढायच्या आधी खरेदीवर पॉइंट साठवणारं कार्ड काढायची, आणि गल्ल्यावरचं मशीन 'टिंग' करेपर्यंत श्वास रोखून धरायची. अंगात घातलेल्या कपड्याला मात्र कधीही टाका घालायची नाही. "काढा आधी. अंगावर शिवलं की वाईट होतं." गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पडद्याआड जाऊन कपडा उतरवून द्यावाच लागे.

सेगावा-सानच्या या सवयी चिहारुला पाठ होत्या. साहित्याची पदवी घेऊनही नोकरी मिळेना, तेव्हा ती कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली होती. सेगावा-सान तिथं शिवणाच्या मशीनवर. साठीला आलेली, एकटी, तिरकं बोलणारी. चिहारुला तिच्यासारखी दुसरी मैत्रीण नव्हती.

"चिहारु-चान, गुरुवारी रात्री मोकळी आहेस?"

"मी कायमच मोकळी असते. का?"

"टोकियो स्टेशनातल्या हॉटेलात राहायचंय. पॉइंटवर."

चिहारु हसत सुटली. "त्या लाल विटांच्या? परवा तुम्ही बटणांसाठी तीन दुकानं फिरलात!"

"म्हणूनच साठले ना पॉइंट. खोली दोघींची आहे. दुसरा पलंग काय वाया घालवू?"

गुरुवारी संध्याकाळी दोघी हॉटेलात पोचल्या. काउंटरवरच्या तरुणानं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि कमरेत वाकला.

"आपलं स्वागत आहे, इनुई-सामा."

चिहारुनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. सेगावा-साननं शांतपणे सही केली.

खोलीची खिडकी स्टेशनाच्या घुमटाच्या आतल्या बाजूला होती. खाली तिकिटाची फाटकं. त्यातून माणसं जात होती, आवाज मात्र वर येत नव्हता.

"इनुई कोण?" चिहारुनं विचारलं.

"मी."

"मग सेगावा?"

"पहिल्यांदा काम मागायला गेले ना, त्या दुकानासमोर दातांच्या डॉक्टरची पाटी होती. नाव विचारलं, तर तेच वाचून दाखवलं."

चिहारु पलंगाच्या कडेवर बसली. सेगावा-सान कपात चहा करत बोलत राहिली. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिनं डबा भरला, सहा वर्षांच्या मुलीला शाळेत सोडलं आणि ती घरी परत गेलीच नाही. का, ते तिनं सांगितलं नाही.

"चाव्या टाकल्या. फोन टाकला. अंगठी टाकली. कार्ड नाही टाकवलं."

"का?"

"पॉइंट होते गं त्यावर."

चिहारुला हसावं की काय करावं कळेना. "म्हणजे इतकी वर्षं, दर वेळी, तुमचं खरं नाव..."

"टिंग. दर वेळी. कुणी शोधलं असतं तर सापडले असते." तिनं कप चिहारुपुढं ठेवला. "सुरुवातीला वाटायचं, आज येईल कुणीतरी. पी, गार होईल."

चिहारुनं कप उचलला.

मुलगी कानाए. गेल्या वर्षी दोरे आणायला निघालेल्या सेगावा-सानला ती याच फाटकापाशी दिसली. चेहरा थेट आजीचा, गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रावर 'इनुई'. नंतर सेगावा-सान खांबाआड उभी राहून बघायला लागली. एकदा स्टेशनच्या माणसानं हटकलं. त्या दिवशी मान खाली घालून निघताना तिनं वर पाहिलं, तर या खिडक्या.

"उद्या सकाळी ऑफिसला जाताना येईल ती. नुसतं बघायचं. मग घरी."

"खाली जाऊन बोला ना!"

"काय बोलू? जरा उशीर झाला म्हणू?"

सकाळी दोघी खिडकीशी उभ्या होत्या. कुणी न्याहारीचं नाव काढलं नाही. खाली काळ्या-करड्या कोटांची रांग वाहत होती. तेवढ्यात सेगावा-सानचं बोट काचेवर टेकलं. मातकट कोट, खांद्याला पिशवी. मुलगी घड्याळाखाली थांबून फोनवर काहीतरी टाइप करत होती.

"अस्तर," सेगावा-सान म्हणाली.

"काय?"

"कोटाचं अस्तर उसवलंय मागून. लोंबतंय बघ. जिन्यात पाय अडकेल तिचा."

चिहारुनं खाली पाहिलं. पुन्हा वळली तोवर खोलीचं दार उघडं होतं.

वरून तिला सगळं दिसलं. हॉटेलच्या सपाता घातलेली सेगावा-सान गर्दी कापत गेली. मुलीच्या बाहीला हात लावला. मुलगी दचकली, मागं वळून कोट पाहिला, हसून मान लववली. मग सेगावा-साननं फरशीवर गुडघे टेकले, कॉलरमधली सुई काढली आणि मुलीच्या अंगावरच्या कोटाला टाके घालायला लागली. अंगावरच! गर्दी दोघींना वळसा घालून जात राहिली. मुलगी हलली नाही. एकदा तिनं खाली त्या पिकल्या केसांकडं पाहिलंसुद्धा.

मग मुलीची नजर गाड्यांच्या फलकाकडं गेली. तिनं कोट सोडवून घेतला, दोनदा वाकली आणि धावत फाटकातून आत गेली. कोटामागं काहीतरी चमकलं.

चिहारु खाली पोचली तेव्हा सेगावा-सान तिथंच गुडघ्यांवर होती. कॉलर रिकामी होती.

"काय म्हणाली?"

"'फार आभारी आहे, काकू.' आवाज खालचा आहे गं तिचा. मला वाटलं होतं बारीक असेल."

"तुम्ही सांगितलंत?"

"आधी गाठ मारते, दोरा तोडते, मग सांगते, असं ठरवलं होतं." तिनं बोटांकडं पाहिलं. "चारच बोटं शिवायचं उरलं होतं."

चिहारुनं तिला उठवायला हात पुढं केला. सेगावा-सान फाटकाकडं बघत होती. पलीकडं गाडी सुटत होती आणि सुई कोटातच होती.